रुमालातला निळा

देउलिंदा दुकानात शिरली तेव्हा तिच्या पिशवीत
पाकीट, छत्री, अर्धा पाव
आणि रुमालात गुंडाळलेली एक टाइल होती,
कोपरा उडालेली, दोनशे वर्षांची, निळी.

अबीलियूने काउंटरवरून विचारलं, बजेट किती?
ती म्हणाली, आधी दिवे घालवा.

त्याला कारण होतं.
गेल्या वर्षी पोर्तुमध्ये, दोरू नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत,
एका इमारतीच्या जिन्यातल्या चाळीस टाइल्स नाहीशा झाल्या होत्या,
काही ओलीने निखळून, बऱ्याचशा चोरीला.
उरलेल्यांचे फोटो हिने काढले,
रात्री दोन वाजेपर्यंत पडद्यावर निळा जुळवला,
आणि भट्टीवाल्यांनी हिच्या शब्दावर
चाळीस नव्या भाजल्या.

भिंतीवर बसल्या तेव्हा कळलं.
पडदा म्हातारा झाला होता.
दर वर्षी किंचित पिवळा पडायचा तो,
आणि ही, नकळत, दर वर्षी
थोडी जास्त नीळ घालायची.
जांभळाकडे झुकलेल्या चाळीस टाइल्स:
प्रार्थना तीच, पण दुसऱ्या गावच्या हेलात.

अबीलियूच्या भिंतीवर बावीस मॉनिटर.
सगळ्यांवर एकच पोपट.
कुठे हिरवागार, कुठे विषारी,
एकावर तर डोळ्यांत घुसेल असा.
अबीलियू सांगत होता: सत्तावीस इंच, फोर के,
इतके टक्के हे, तितके टक्के ते,
शंभर कोटी रंग.
मला एकच हवाय, ती म्हणाली.

मग पेनड्राइव्ह लावून
एकेका पडद्याशेजारी टाइल धरत निघाली.
चकचकीत काचेत आधी तिचा चष्मा दिसला, मग दार,
मग रस्त्यावरचा माणूस, शेवटी फोटो.
वक्र पडद्यावर टाइलची सरळ कड पोट सुटल्यासारखी.
खेळणाऱ्या पोरांसाठीचा एक होता, भलताच वेगवान.
माझी टाइल पळत नाही, ती म्हणाली,
आणि अबीलियू पहिल्यांदा हसला.

कोपऱ्यात एक उभा होता,
जाड चौकटीचा, मंद, घोड्याला झापडं लावावी तसा
तिन्ही बाजूंनी काळा आडोसा लावलेला.
पोपट त्यावर आजारी दिसत होता.
तिने उजेड उतरवला, आणखी उतरवला,
पडदा दिव्याखालच्या कागदाइतका शांत झाला.
टाइल धरली.
जवळजवळ.

अबीलियूला राहवेना. त्याने टाइल उचलून
दाराबाहेर ढगाळ उजेडात नेली.
टाइल बदलली.
आत आणली. पुन्हा बदलली.
मग यातला खरा निळा कुठला हो, बाई?

ती बराच वेळ गप्प.
रुमालाची घडी घातली, मोडली.
खरं सांगणारा मिळणार नाही, ती म्हणाली.
मला रोज तेवढंच खोटं बोलणारा हवाय.

बाराशे युरो, बारा हप्ते.
रंग मोजायचं छोटं यंत्र
त्याने आपलंच दिलं, उसनं, महिन्यातून एकदा न्या म्हणून.

आता घरात त्या खोलीची भिंत राखाडी आहे.
फिर्मिनूला नारिंगी स्वेटर घालून तिथे यायची बंदी;
तो दारातूनच विचारतो,
आज कुठल्या रंगात बोलू?
तिने जुने फोटो उघडले:
बहिणीच्या लग्नात अख्खं वऱ्हाड थंडीने काकडल्यासारखं,
दहा वर्षांची आकाशं, सगळी गरजेपेक्षा निळी.
दोन दुरुस्त केली. तिसरं तसंच ठेवून
उठली, चहा टाकला.

चाळीस टाइल्स फुकट बदलून द्यायला
ती भट्टीवाल्याला घेऊन जिन्यात गेली.
तिसऱ्या मजल्यावरच्या एर्मिनियाबाई आड आल्या.
त्यांना आता डोळ्यांनी नीटसं दिसत नाही.
या राहू द्या, म्हणाल्या,
निळा जिथे बिघडतो ना,
तिथे माझं दार येतं.